चोंगजूचे मुद्रण-संग्रहालय आणि धम्माचे एक पुस्तक

(वर्षावासानिमित्त विहारात दिलेले व्याख्यान)



धातूच्या सुट्या खिळ्यांनी छापलेली जी पुस्तके आज जगात शिल्लक आहेत, त्यांतील सर्वांत जुने पुस्तक एका बौद्ध विहारात छापले गेले आहे. ही गोष्ट आपल्या मुलाबाळांना शाळेत क्वचितच सांगितली जाते. तेथे छपाईचा विषय निघाला की जर्मनीतील योहान गुटेनबर्ग याचे नाव येते आणि विषय तेथेच संपतो. गुटेनबर्गची थोरवी कमी करण्याचा माझा मुळीच हेतू नाही. १४५५ च्या सुमारास त्याच्या छापखान्यातून बाहेर पडलेल्या बायबलने आणि त्यामागून आलेल्या असंख्य पुस्तकांनी युरोपातील धर्मगुरूंची विद्येवरची पकड सैल केली, हे इतिहासाला मान्य आहे. परंतु त्याच्या ७८ वर्षे आधी, म्हणजे १३७७ साली, कोरिया देशात चोंगजू गावाबाहेरच्या हुंगडॉक नावाच्या विहारात भिक्खूंनी धातूचे खिळे ओतून, ते जुळवून धम्माचे एक पुस्तक छापले होते, हेही आता तितकेच मान्य झाले आहे. त्या विहाराच्या जागेवर आज एक मुद्रण-संग्रहालय उभे आहे. त्या संग्रहालयाची आणि त्या पुस्तकाची हकीकत आज आपणांपुढे मांडावयाची आहे. ती मांडताना मला आपल्या घरांतील कपाटांकडेही बोट दाखवावे लागेल, हे आधीच सांगून ठेवतो.

विषयाला हात घालण्यापूर्वी एक गोष्ट ध्यानात घ्या. गौतमधर्मसूत्रात अशी आज्ञा आहे की, शूद्राने वेद मुद्दाम ऐकला तर त्याच्या कानांत वितळलेले कथील आणि लाख ओतावी. ही आज्ञा प्रत्यक्षात किती वेळा अमलात आली याचा वाद पंडितांनी खुशाल घालावा. ज्यांना ती लिहून ठेवताना लाज वाटली नाही, त्यांच्या समाजात विद्या कोणाच्या मालकीची होती हे समजण्यास तेवढे पुरेसे आहे. आता याच्या शेजारी दुसरे चित्र ठेवून पाहा. कोरियातील भिक्खूंनीही धातू वितळवला. पण तो कोणाच्या कानात ओतण्यासाठी नव्हे, तर साच्यात ओतून त्याचे अक्षर घडविण्यासाठी. आपण ज्या धम्माची दीक्षा घेतली, त्या धम्माचे आणि अक्षराचे नाते असे आहे.

या पुस्तकाचे पूर्ण नाव फार लांबलचक आहे. कोरियन लोक त्याला थोडक्यात ‘जिकजी’ म्हणतात. या शब्दाचा अर्थ ‘थेट दाखविणे’, म्हणजे माणसाला त्याच्या स्वतःच्या मनाकडे थेट बोट दाखविणे, असा आहे. ते सिद्ध करणारा भिक्खू बेगुन हा चौदाव्या शतकात होऊन गेला. तो चीनमध्ये जाऊन तेथील शीवू नावाच्या ध्यानमार्गी आचार्यांजवळ राहिला. त्यांच्याकडून मिळालेल्या एका लहान ग्रंथात त्याने पुढे स्वतः भर घातली आणि १३७२ साली, सत्तरी उलटल्यावर, दोन भागांचा संग्रह पुरा केला. पहिल्या भागाच्या आरंभी सात बुद्ध आहेत. त्यांच्यामागून भारतातील अठ्ठावीस आचार्यांची मालिका येते. महाकाश्यप, आनंद, अश्वघोष, नागार्जुन अशी नावे त्या मालिकेत आहेत. त्यानंतर चीनमधील आचार्यांची वचने आणि प्रसंग. अठ्ठावीस आचार्यांची ही मालिका ध्यानसंप्रदायाने मागाहून रचली आहे, इतिहास म्हणून ती जशीच्या तशी स्वीकारता येणार नाही, हे मी आपणांस स्पष्ट सांगतो. कारण आपण कोणतीही गोष्ट केवळ ग्रंथात आहे म्हणून मानणारे लोक नव्हे. पण ज्या काळी आपल्याच देशात ही नावे घेणारे विहार ओस पडत चालले होते, त्या काळी समुद्रापलीकडचा एक वृद्ध भिक्खू ती नावे एकामागून एक लिहून काढीत होता, एवढे तरी त्यातून निश्चित कळते.

छापलेले पुस्तक पाहण्यास बेगुन हयात राहिला नाही. ते काम त्याच्या शिष्यांनी अंगावर घेतले.

खिळे कसे तयार झाले, ते चोंगजूच्या संग्रहालयात मोठमोठ्या मनुष्याकृती मांडून टप्प्याटप्प्याने दाखविले आहे. प्रथम पातळ कागदावर सुंदर अक्षर लिहावयाचे. तो कागद मधमाश्यांच्या मेणाच्या पट्टीवर उलटा चिकटवून त्याप्रमाणे मेण कोरावयाचे, म्हणजे मेणाचे उलटे अक्षर तयार होते. अशी पुष्कळ अक्षरे मेणाच्याच एका दांडीला फांदीवरच्या पानांसारखी जोडावयाची. त्या सगळ्यावर बारीक रेती मिसळलेल्या मातीचा लेप देऊन तो वाळवावयाचा आणि भाजावयाचा. आच लागली की मेण वितळून वाहून जाते आणि मातीच्या पोटात अक्षरांच्या आकाराची पोकळी राहते. त्या पोकळीत कांशाचा रस ओतावयाचा. थंड झाल्यावर माती फोडली की धातूचे झाड हाती येते; त्याची एकेक अक्षरे कापून, कानशीने घासून खिळे करावयाचे. मग चौकटीत मेण पसरून त्यावर ओळीने खिळे बसवावयाचे, कुंचल्याने शाई लावावयाची, वर तुतीच्या जातीच्या झाडाच्या सालीपासून केलेला कागद ठेवावयाचा आणि केसांच्या गुंडाळीने पाठीमागून हळूहळू घासावयाचा. युरोपात पुढे आले तसे दाबाचे यंत्र येथे नव्हते. मनुष्याचा हात हाच यंत्र होता.

आपणांपैकी ज्यांच्या घरात कोणी पूर्वी छापखान्यात जुळारी म्हणून काम केले असेल, त्यांना या कामातील यातना वेगळ्या सांगावयास नकोत. मराठी खिळ्यांच्या घरांत काना, मात्रा, वेलांटी, जोडाक्षर यांचे शेकडो कप्पे. संध्याकाळपर्यंत बोटे शिशाने काळी. चिनी लिपीत तर अक्षरांची संख्या हजारांत जाते. त्या हजारांतून हवे ते अक्षर शोधून एका पानात ११ ओळी, आणि एका ओळीत १८ ते २० अक्षरे, अशी रचना हुंगडॉक विहारातील भिक्खूंनी केली.

त्यांच्या हातून चुका झाल्या. आणि या चुकाच आज सर्वांत मोठा पुरावा ठरल्या आहेत. पुस्तकात काही ओळी वाकड्या आहेत. कोठे शाई दाट तर कोठे फिकट आहे, कारण सगळे खिळे एका उंचीचे बसले नव्हते. मेणाचे अक्षर एकदाच वापरता येत असल्याने तेच अक्षर निरनिराळ्या ठिकाणी थोडे निराळे दिसते. ‘सूर्य’ या अर्थाचे चिनी अक्षर काही जागी चक्क उलटे बसले आहे. ते अक्षर चौकटीसारखे असून वरून आणि खालून जवळजवळ सारखेच दिसते, म्हणून जुळाऱ्याची नजर फसली असावी. लाकडाच्या एका फळीवर सगळे पान कोरले, तर मधलेच एक अक्षर उलटे होण्याचे कारण नाही. उलटे अक्षर बसू शकते ते सुट्या खिळ्यांतच. ज्या भिक्खूने तो खिळा उलटा बसविला, त्याला त्याबद्दल कोणी बोलले असेल की नाही कोण जाणे. सहाशे वर्षांनी विद्वानांनी त्याचे आभार मानले.

आता पुस्तकाच्या शेवटच्या पानाकडे वळू. माझ्या दृष्टीने सगळ्या पुस्तकातील सर्वांत मोलाचे पान हेच. हे पुस्तक कोणत्या साली, कोणत्या महिन्यात, कोणत्या गावाबाहेरच्या कोणत्या विहारात छापले, ते त्यावर नोंदलेले आहे. ते ओतलेल्या अक्षरांनी छापले, असेही नोंदलेले आहे. आणि त्याच दमात ते छापून दान केले, असे म्हटले आहे. काम पाहणाऱ्या शिष्यांत सोकचान याचे नाव आहे, आणि ज्यांच्या दानातून खर्च भागला त्यांत म्योदोक नावाच्या भिक्खुणीचे नाव आहे. पुढच्याच वर्षी, १३७८ साली, चुइआम नावाच्या दुसऱ्या विहारात हेच पुस्तक लाकडी ठशांनी छापले गेले, तेव्हाही म्योदोकने दान दिले. राजाचे नाव नाही, सरदाराचे नाव नाही. नाव आहे ते चीवर धारण केलेल्या एका स्त्रीचे. भगिनींनो, धातूच्या खिळ्यांनी छापलेल्या सर्वांत जुन्या उपलब्ध पुस्तकाच्या पानावर दानकर्ती म्हणून एक स्त्री उभी आहे. आपल्या विहाराच्या पावतीपुस्तकात घरच्या पुरुषाचेच नाव लिहिण्याची जी चाल पडली आहे, तिचा येथे सहज विचार व्हावा.

‘उपलब्ध’ हा शब्द मी जाणूनबुजून वापरतो. कोरियात धातूच्या खिळ्यांची छपाई याच्या आधी, तेराव्या शतकातही झाली होती, असे जुन्या लेखांवरून कळते. पण ती पुस्तके उरली नाहीत. चीनमध्ये अकराव्या शतकात बी शंग नावाच्या कारागिराने भाजलेल्या मातीचे खिळे केले होते. आणि गुटेनबर्गने ही विद्या कोरियातून उचलली असे कोणी आपणांस सांगू लागले तर त्याच्याकडे पुरावा मागा. तसा पुरावा अद्याप मिळालेला नाही. खोट्या बढाईची बौद्धांना गरज नाही; खरे आहे तेच पुष्कळ आहे.

त्या खऱ्यातही काही गोष्टी अशा आहेत की ज्यांचा अभिमान बाळगावा की नाही असा प्रश्न पडतो. पूर्व आशियात छपाईची वाढ बौद्धांच्या हातून झाली, यात शंका नाही. कोरियातील बुलगुक विहाराच्या स्तूपातून १९६६ साली एक छापील धारणी-सूत्र निघाले. तो स्तूप ७५१ च्या सुमाराचा आहे. जपानमध्ये आठव्या शतकात एका सम्राज्ञीने दहा लाख लहान लाकडी स्तूप करवून प्रत्येकाच्या पोटात छापील धारणी घालून ठेवली. पण या छपाईचा उद्देश काय होता? ती धारणी कोणी वाचावी म्हणून छापली नव्हती. ती स्तूपात कोंडून टाकण्यासाठी, मंत्राच्या संख्येने पुण्य जोडण्यासाठी छापली होती. छपाईची विद्या तीच, कागद तोच, शाई तीच. परंतु वाचणारा मनुष्य मात्र त्यातून वगळलेला. बाबासाहेबांनी आपल्याला जो धम्म दिला त्यात मंत्राला आणि ताइताला जागा नाही. याच्या उलट चीनमधील ८६८ सालचे वज्रच्छेदिका सूत्र पाहा. ते आज लंडनच्या ब्रिटिश ग्रंथालयात आहे. वांग ज्ये नावाच्या एका गृहस्थाने ते आपल्या आईवडिलांच्या नावे, सर्वांना मोफत वाटण्यासाठी छापविले, असे त्याच्या अखेरीस नमूद आहे. कोरियातच हेइन विहारात तेराव्या शतकात कोरलेले त्रिपिटकाचे ८१ हजारांहून अधिक लाकडी ठसे जपून ठेवलेले आहेत. त्यांचा उपयोग पाने छापून अभ्यास करण्यासाठी झाला. ‘जिकजी’ याच रांगेतले. ते तरुण भिक्खूंनी वाचावे, त्यावर विचार करावा, म्हणून छापले.

अर्थात ते वाचू शकणारे लोक थोडेच होते, हेही लपविण्यात अर्थ नाही. पुस्तक चिनी भाषेत होते. कोरियातील शेतकऱ्याला ती भाषा येत नव्हती, जशी आपल्या पूर्वजांना संस्कृत येत नव्हती. पुढे १३९२ साली राजवट बदलली. नव्या राजवटीने कन्फ्यूशसच्या मताचा पुरस्कार केला आणि भिक्खूंची गणना हलक्या लोकांत केली. त्यांना राजधानीच्या वेशीतून आत येण्यास बंदी झाली. ती १८९५ साली उठली. वेशीबाहेर राहणे म्हणजे काय, हे आपणांस मी समजावून सांगण्याची आवश्यकता नाही. धातूचे खिळे १४०३ नंतर राजाच्या ओतशाळेत होऊ लागले आणि त्यांवर मुख्यतः राजाला हवी ती पुस्तके निघू लागली. मात्र याच राजघराण्यातील सेजोंग राजाने सामान्य जनतेला शिकता येईल अशी सोपी कोरियन लिपी १४४६ साली जाहीर केली, आणि त्या लिपीत आरंभी जे ग्रंथ निघाले त्यांत बुद्धांचे चरित्र होते. राजपुत्राने ते आपल्या दिवंगत आईसाठी सिद्ध केले होते. दरबाराने भिक्खूंना वेशीबाहेर काढले. पण घरात आई वारली तेव्हा त्यांना बुद्धच आठवले.

हुंगडॉक विहार या उलथापालथीत केव्हातरी नष्ट झाला. त्याची जागा कोठे होती हेही लोक विसरले. पुस्तकाच्या पहिल्या भागाची धातूच्या खिळ्यांनी छापलेली प्रत आजवर सापडलेली नाही. दुसरा भाग मात्र एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस सेऊलमध्ये फ्रान्सचा वकील असलेल्या कोलँ द प्लाँसी याच्या संग्रहात गेला. १९०० सालच्या पॅरिसच्या जागतिक प्रदर्शनात तो मांडला होता. १९०१ साली मोरिस कुराँ या अभ्यासकाने कोरियन ग्रंथांच्या सूचीत त्याची नोंदही केली. १९११ साली पॅरिसमध्ये लिलाव झाला, त्यात आँरी व्हेव्हेर या जवाहिऱ्याने १८० फ्रँक देऊन तो घेतला. आणि त्याच्या मृत्यूनंतर १९५० च्या सुमारास तो फ्रान्सच्या राष्ट्रीय ग्रंथालयात जमा झाला. तो लुटून नेला नव्हता, पैसे मोजून घेतला होता. म्हणूनच तो परत मागणे कोरियाला अवघड जाते.

येथे एक विचार करण्यासारखी गोष्ट आहे. पुस्तक हरवले नव्हते. त्याची नोंद छापील सूचीत होती. त्यावरचे साल कोणालाही वाचता येत होते. तरीही सत्तर वर्षे कोणी त्याकडे वळून पाहिले नाही, कारण पाहणाऱ्यांना त्याची गरज वाटत नव्हती. पार्क ब्योंग-सोन या कोरियन विदुषी त्या ग्रंथालयात काम करू लागल्या, तेव्हा त्यांनी ही पाने बाहेर काढली, ओळी, कडा, शाई तपासून ती धातूच्या खिळ्यांचीच आहेत हे सिद्ध करण्याचा ध्यास घेतला आणि १९७२ च्या आंतरराष्ट्रीय ग्रंथवर्षातील प्रदर्शनात ते पुस्तक जगापुढे ठेवले. २००१ साली युनेस्कोने त्याची जागतिक स्मृतिसंग्रहात नोंद केली. पार्क २०११ साली वारल्या. आपल्या लोकांचा इतिहास परक्याच्या कपाटात असला, तरी तो ओळखायला आपलाच मनुष्य तेथे पोहोचावा लागतो. मुलींना शिकविण्यास कां-कूं करणाऱ्या आईबापांनी हे विशेष लक्षात ठेवावे.

विहाराची जागा सापडली ती तर केवळ योगायोगाने. १९८५ साली चोंगजूमध्ये घरे बांधण्यासाठी जमीन उकरण्याचे काम चालू होते. यंत्रांनी माती उचलली तशी जुनी कौले आणि दगड दिसू लागले. उत्खनन झाले, आणि त्यात विहारातील कांशाच्या घंटेचा तुकडा सापडला. त्यावर हुंगडॉक विहाराचे नाव कोरलेले होते. एका कांशाच्या झाकणावरही तेच नाव मिळाले. शेवटच्या पानावर लिहिलेला विहार खरोखर कोठे होता, त्याचा उलगडा सहाशे वर्षांनंतर एका फुटक्या घंटेने केला. घरबांधणी थांबवून ती जागा राखून ठेवण्यात आली, आणि १९९२ साली तेथे संग्रहालय उघडले. शेजारी विहाराचे मुख्य दालन आणि दगडी स्तूप पुन्हा उभे केलेले आहेत.

संग्रहालयात काय आहे? खिळे ओतण्याचे मघाशी सांगितलेले देखावे आहेत. लाकडी ठसे आहेत. जुन्या राजवटींतील छापील ग्रंथ आहेत. नव्याने ओतलेले खिळे आणि त्यांनी भरलेल्या चौकटी आहेत. ज्या पुस्तकासाठी हे सगळे उभारले ते पुस्तक मात्र तेथे नाही. तेथे आहे ती हुबेहूब प्रतिकृती. मूळ ३८ पाने पॅरिसमध्ये आहेत. २०२३ साली तेथील ग्रंथालयाने ती सुमारे पन्नास वर्षांनंतर प्रथमच लोकांना दाखविली. परंतु चोंगजूच्या लोकांनी मूळ वस्तू नाही म्हणून रडत बसण्याचे नाकारले. जुन्या पद्धतीने खिळे ओतणारे कारागीर त्यांनी तयार केले, ती विद्या शिकविण्याची सोय केली, आणि बेगुनच्या पुस्तकाचे खिळे पुन्हा घडविले. मूळ वस्तू काचेआड ठेवून तिची विद्या मरू दिली, तर ते संग्रहालय म्हणजे स्मशान. वस्तू दूर देशी असली तरी विद्या जिवंत ठेवली, तर ते विद्यालय.

बंधुभगिनींनो, आता थोडे आपल्याकडे वळतो. बाबासाहेबांनी ३१ जानेवारी १९२० रोजी ‘मूकनायक’ सुरू केला, तेव्हा त्याची साधी जाहिरात, पैसे देऊ केले असतानाही, ‘केसरी’ने छापली नाही. ३ एप्रिल १९२७ रोजी ‘बहिष्कृत भारत’ निघाले. त्याचे रकानेच्या रकाने त्यांना एकट्याने लिहून काढावे लागत. १९३० साली ‘जनता’ आली आणि १९५६ च्या फेब्रुवारीत तिचे ‘प्रबुद्ध भारत’ झाले. स्वतःचा छापखाना असल्यावाचून आपला शब्द आपल्या हाती राहत नाही, हे त्यांनी ओळखले होते. म्हणून भारतभूषण छापखाना उभा राहिला. पुढे तो बुद्धभूषण झाला. आणि ज्या ग्रंथासाठी त्यांनी आयुष्याची शेवटची वर्षे वेचली, त्या ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथाच्या मूळ इंग्रजी आवृत्तीच्या छपाईला सुमारे २०,००० रुपये लागणार होते. ते आपल्या आवाक्याबाहेरचे आहेत, सरकारने पाचशे प्रती घ्याव्यात, असे पत्र त्यांनी सप्टेंबर १९५६ मध्ये पंतप्रधान नेहरूंना लिहिले. बुद्धजयंतीसाठी काढून ठेवलेली रक्कम संपली आहे, असे उत्तर आले. ज्या मनुष्याने या देशाची राज्यघटना घडविली, त्याला धम्मग्रंथ छापण्यास पुरेसे दान मिळत नव्हते. ग्रंथ १९५७ साली, त्यांच्या महापरिनिर्वाणानंतर, सिद्धार्थ महाविद्यालयाच्या प्रकाशनातून बाहेर पडला. म्योदोकने काय केले होते, हे आता आपणांस अधिक उमगेल.

आज तो ग्रंथ अनेक घरांत आहे. पण काही घरांत मी तो लाल कापडात गुंडाळून, फुले वाहून, वरच्या फळीवर ठेवलेला पाहिला आहे. पाने एकमेकांना चिकटलेली, कारण ती कधी उलगडलीच नाहीत. ही त्या दहा लाख स्तूपांची गोष्ट झाली. पोथीची पूजा आपण सोडून आलो. ती मागच्या दाराने घरात येऊ देऊ नका. रोज एक पान मोठ्याने वाचा. लहान मुलाला वाचावयास लावा. त्याने एखादे अक्षर उलटेसुलटे वाचले तर रागावू नका.

आणि दुसरी गोष्ट जपणुकीची. २०१६ च्या जून महिन्यात मुंबईत दादरच्या आंबेडकर भवनाबरोबर जुन्या छापखान्याची इमारतही पाडली गेली. त्या प्रकरणाच्या वादात मी आज शिरत नाही. बाबासाहेबांचे शब्द जेथे खिळ्यांत जुळविले गेले, ती जागा गेली, एवढे खरे. १९९० साली महाराष्ट्र शासनाने ‘मूकनायक’ आणि ‘बहिष्कृत भारत’ यांचे अंक पुन्हा ग्रंथरूपाने छापले, ते शक्य झाले कारण कोणीतरी ते जुने अंक वाळवीपासून, पावसापासून आणि रद्दीवाल्यापासून वाचविले होते. असे अंक, धम्मदीक्षेच्या सोहळ्यांची हस्तपत्रके, वर्गणीच्या पावत्या, जलशांची आणि भीमगीतांची चार-चार पानी पुस्तके अजून आपल्या पेट्यांतून पडलेली आहेत. म्हातारी माणसे वारली की पेटी उघडते आणि कागद किलोवर जातात.

म्हणून पुढच्या पौर्णिमेला विहारात येताना घरातले जुने छापील कागद घेऊन या. त्यांना प्लास्टिकच्या पिशवीत कोंडू नका, चिकटपट्टी लावू नका. स्वच्छ सुती कापडात, मध्ये कडुनिंबाची सुकी पाने ठेवून आणा. येथील तरुण मुले मोबाइलवर त्यांची छायाचित्रे काढतील आणि कागद ज्याचा त्याला परत देतील. तो कागद घरात कोणी आणला, कधी आणला, घरातील कोणत्या आजोबांनी किंवा आजींनी जपला, ते वेगळ्या चिठ्ठीवर लिहा. घरात कोणी जुळारी असेल तर त्याचे नाव, तो कोणत्या छापखान्यात होता, हे त्याच्याच तोंडून ऐकून लिहून घ्या. आणि प्रत्येक अंकाचे शेवटचे पान आधी पाहा. पुस्तकावर आणि वर्तमानपत्रावर मुद्रकाचे नाव व छापखान्याचे ठिकाण देणे १८६७ च्या कायद्याने बंधनकारक होते. ते तेथे अगदी तळाशी, बारीक अक्षरांत असते. कागद तेथेच आधी झिजतो. ती ओळ अजून वाचता येत असेल, तोवर उतरवून ठेवा.